प्रेडनिसोलोन उतरवायचं तर कोणती गोळी बरी?

पॉलिमायाल्जिया रुमॅटिकात, म्हणजे दाहामुळे खांदे आणि कंबरेखालचा भाग आखडून दुखणाऱ्या आजारात, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं की फरक दोन-चार दिवसांत दिसतो. कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागणारा माणूस केस विंचरायला हात वर नेऊ लागतो. औषध किती गुणकारी आहे ते पहिल्या आठवड्यातच समजतं. गोळी कशी आहे हे कळायला मात्र पुढची एक-दोन वर्षं लागतात, कारण हे औषध चढवायला सोपं आणि उतरवायला किचकट. म्हणून हे परीक्षण औषधाचं नाही. ते ज्या रूपांत हाती येतं त्या रूपांचं आहे. साधी गोळी, कोटिंगची गोळी, रात्री घ्यायची गोळी, पातळ औषध, आणि सोबत लागणारा कटर नि डबी. मोजपट्टी एकच लावली आहे: यातून लहानात लहान पायरी किती अचूक काढता येते?

निकाल आधीच सांगून टाकतो. १ मि.ग्रॅ.ची साधी, बिनकोटिंगची गोळी पहिली. बाकी सगळे तिच्या मागे.

का, ते समजायला उतरण, म्हणजे डोस पायरीपायरीने कमी करत नेण्याचा क्रम, बघावी लागेल. ब्रिटिश संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये दिलेला क्रम आजही बराच वापरात आहे: १५ मि.ग्रॅ. ३ आठवडे, १२.५ मि.ग्रॅ. ३ आठवडे, १० मि.ग्रॅ. ४ ते ६ आठवडे, आणि मग दर ४ ते ८ आठवड्यांनी १ मि.ग्रॅ. कमी. युरोपीय आणि अमेरिकी संघटनांच्या २०१५ च्या संयुक्त शिफारशी सुरुवातीला १२.५ ते २५ मि.ग्रॅ.ची मुभा देतात, ४ ते ८ आठवड्यांत १० वर यायला सांगतात आणि पुढे दर ४ आठवड्यांनी १ मि.ग्रॅ. उतरवतात. डोस दोनदा विभागून नाही, सकाळी एकदाच.

कागदावर प्रत्येक पायरी १ ची. शरीराला मात्र ती तशी जाणवत नाही. १५ वरून १२.५ वर येताना सहावा हिस्सा जातो. १० वरून ९ वर दहावा. ५ वरून ४ वर पाचवा. २ वरून १ वर निम्मा डोस गेला, आणि १ वरून शून्यावर तर सगळाच. त्यातून ७ च्या खाली दुसरंच प्रकरण सुरू होतं. निरोगी माणसाचं शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल, म्हणजे स्वतःचं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवतं, ते साधारण ४ ते ६ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. महिनोन्‌महिने बाहेरून आयतं मिळाल्यावर मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम टाकून बसलेल्या असतात. त्यांना पुन्हा जुंपायचं तर घाई चालत नाही. म्हणजे वरच्या टप्प्यात कोणतीही गोळी चालेल. खरा कस १० च्या खाली लागतो आणि ५ च्या खाली तर अर्ध्या मिलिग्रॅमचा हिशेब करावा लागतो. ज्याच्या हातात फक्त ५ आणि १० च्या गोळ्या आहेत त्याने तिथे काय करायचं? उतरण फसली की रुग्णाच्या धीराला दोष दिला जातो. पुष्कळदा चूक पाकिटातल्या गोळीच्या आकाराची असते.

साध्या गोळीचे गुण आधी. १, २.५ आणि ५ या ताकदी मिळाल्या तर जवळजवळ कोणताही आकडा जुळतो. १२.५ म्हणजे ५ च्या दोन आणि २.५ ची एक. ९ म्हणजे ५ ची एक आणि १ च्या चार. १ ची गोळी मधोमध तोडली की ०.५ ची पायरी हाती येते. पोटात लवकर विरघळते, रक्तातली पातळी एक-दोन तासांत शिखराला पोचते आणि रोज साधारण सारखीच वागते. तिची चव कडू आहे, जिभेवर रेंगाळली तर तोंड वाकडं होतं. खाण्याबरोबर आणि भरपूर पाण्याने पटकन गिळावी. खाण्याबरोबर घेतल्याने पोटाची जळजळही कमी राहते.

दोष दोन, आणि पहिला गंभीर आहे. १ ची आणि ५ ची गोळी बऱ्याच कंपन्यांची दिसायला सारखीच असते: पांढरी, गोल, बारीक. १ च्या चार गोळ्यांच्या जागी ५ च्या चार पोटात गेल्या तर २० मि.ग्रॅ. झाले. उलटी चूक आणखी वाईट, कारण डोस एकदम पाचव्या हिश्श्यावर येतो आणि दोन दिवसांत माणूस गळून जातो. दोन ताकदींची पाकिटं वेगवेगळ्या जागी ठेवावीत, गोळ्या मूळ पाकिटातून काढून एका बाटलीत भरू नयेत, आणि दुकानदाराने कंपनी बदलून दिली तर गोळीवरची खूण आणि पाकिटावरचा आकडा पुन्हा वाचावा. दुसरा दोष असा की १ मि.ग्रॅ. सगळीकडे सहज मिळत नाही. १९५० च्या दशकापासून वापरात असलेल्या औषधाची सर्वांत उपयोगी गोळीच शोधत फिरावं लागतं, याला काय म्हणावं!

ती नसेल तर २.५ च्या गोळीचा अर्धा भाग, म्हणजे १.२५ मि.ग्रॅ., ही पुढची बरी पायरी. २०१५ च्या शिफारशींत तोही रस्ता दिलेला आहे: एक दिवस १० आणि एक दिवस ७.५, म्हणजे सरासरी ८.७५. गोळी न तोडता १.२५ ची पायरी निघाली. मात्र दोन दिवसांतला फरक एवढाच लहान असावा. एक दिवस १० आणि दुसऱ्या दिवशी काहीच नाही, ही पद्धत या आजाराला मानवत नाही. रिकाम्या दिवशी खांदे पुन्हा आखडतात. प्रेडनिसोलोनचा परिणाम १२ ते ३६ तासच टिकतो.

कोटिंगची गोळी पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळते. पोट सांभाळतं म्हणून ती दिली जाते, पण स्टिरॉइडचा पोटावरचा परिणाम नुसता गोळीच्या स्पर्शाने होत नाही, रक्तातूनही होतो. त्यामुळे हे कवच वाटतं तेवढं संरक्षण देत नाही. स्टिरॉइडसोबत वेदनाशामक गोळ्याही चालू असतील तर पोटासाठी वेगळं औषध लागतं. त्याचं काम कोटिंगवर सोपवू नये. उतरवण्याच्या दृष्टीने या गोळीची मोठी अडचण म्हणजे ती तोडता येत नाही. तोडली की कवच गेलं. असर सुरू व्हायला उशीर होतो, तो उशीरही रोज सारखा नसतो. आम्लनाशक औषध एकाच वेळी घेतलं तर कवच आधीच विरघळतं. ज्यांना जुनाट जुलाबांचा त्रास आहे त्यांच्या पोटातून गोळी नीट न शोषली जाता पुढे जाण्याचीही भीती असते. वरच्या डोसाला ठीक, पण ७ च्या खाली ती आमच्या मते नकोच.

एक नियम इथेच सांगायला हवा. कोटिंगच्या गोळीवरून साध्या गोळीवर यायचं असेल तर त्याच आठवड्यात डोस कमी करू नये. आधी तोच डोस नव्या गोळीने दोन-तीन आठवडे घ्यावा, अंग कसं राहतं ते पाहावं, मग पायरी उतरावी. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या आणि दुखणं वाढलं, तर दोष कशाचा ते कुणालाच सांगता येत नाही. कंपनी बदलली तरी हेच.

रात्री घ्यायची प्रेडनिसोनची (शरीरात गेल्यावर याचंच प्रेडनिसोलोन होतं) गोळी ही कल्पना म्हणून सुरेख आहे. दाह वाढवणारी रसायनं पहाटे वर चढतात, सकाळचं आखडणं त्यातूनच येतं. ही गोळी रात्री दहाच्या सुमारास घ्यायची. तिचं कवच साधारण चार तासांनी फुटतं आणि औषध पहाटे नेमकं वेळेवर मिळतं. १, २ आणि ५ मि.ग्रॅ. अशा ताकदी असल्यामुळे उतरणही बसवता येते. सकाळचं आखडणं कमी झाल्याचा भक्कम पुरावा आहे तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांध्यांच्या वेगळ्या आजारात. अटी दोन: रिकाम्या पोटी घेतली तर शोषण घटतं, त्यामुळे रात्रीच्या जेवणाबरोबर किंवा काहीतरी खाऊनच घ्यायची, आणि तोडायची, चावायची नाही. म्हणजे ०.५ ची पायरी हिच्यातून निघतच नाही. साध्या गोळीपेक्षा पुष्कळ महागही पडते. सकाळी नऊ-दहापर्यंत अंग मोकळं होत नाही अशांनी डॉक्टरांकडे विषय काढावा, इतरांनी तिच्यामागे लागू नये.

पातळ औषधाला लहान मुलांचं औषध समजून बाजूला सारतात, तो अन्याय आहे. ५ मि.लि.मध्ये ५ मि.ग्रॅ. या ताकदीचं द्रावण असेल तर ०.५ मि.लि. म्हणजे थेट ०.५ मि.ग्रॅ. ४.५ हवेत? ४.५ मि.लि. ओढा. गोळी तोडणं नाही, भुकटी सांडणं नाही. ज्यांची बोटं सुजलेली किंवा दृष्टी अधू आहे, त्यांना कटरपेक्षा हे सोपं जातं. चमच्याने मात्र मोजू नये; तोंडात औषध सोडायची खुणांची सिरिंज वापरावी. आणि बाटली विकत घेताना दहादा नाही तरी दोनदा वाचावी, कारण हेच औषध ५ मि.लि.मध्ये १५ मि.ग्रॅ. अशा तिप्पट ताकदीतही मिळतं. बाटली उघडल्यावर ती किती दिवस चालते हे लेबलवर असतं. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी. चवीबद्दल न बोललेलं बरं. विरघळणारी गोळीही याच घराण्यातली: ५ ची गोळी १० मि.लि. पाण्यात टाकून ९ मि.लि. घेतले तर ४.५ मि.ग्रॅ. होतात, पण गोळी पूर्ण विरघळून पाणी एकसारखं झालं असेल तरच. साधी गोळी पाण्यात घोळून हा प्रयोग करू नये. तिचे कण तळाशी बसतात आणि वरच्या पाण्यात किती औषध आलं याचा पत्ता लागत नाही.

कधीकधी प्रेडनिसोलोनऐवजी दुसरंच स्टिरॉइड लिहिलेलं असतं. तोल असा: ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन, ४ मि.ग्रॅ. मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मि.ग्रॅ. डेफ्लाझाकॉर्ट आणि २० मि.ग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोन साधारण सारखे. हा तक्ता डोळ्यांसमोर नसेल तर ४ ची मिथाइलप्रेडनिसोलोन ही ४ ची प्रेडनिसोलोन समजून उतरणीचा सगळा हिशेब चुकतो. डेक्सामिथासोन या कामाला बिलकूल नको. त्याची ०.७५ मि.ग्रॅ.ची गोळी ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनच्या जवळ जाते, त्यामुळे तिचा लहानसा तुकडाही मोठी पायरी ठरतो; वर त्याचा परिणाम दीड-दोन दिवस रेंगाळतो आणि झोपलेल्या ग्रंथींना जागं व्हायला उसंत मिळत नाही.

आता कटर. आम्ही साधा, व्ही आकाराच्या खाचेचा आणि झाकणात पातं बसवलेला कटर पसंत करतो. गोळी खाचेत घट्ट बसवायची, गोळीवरची रेघ पात्याच्या बरोबर खाली आणायची आणि झाकण एका दमात दाबायचं. हळूहळू दाबलं की गोळी घसरते किंवा चुरा होतो. १ ची गोळी एवढी बारीक की रबराचा आधार नसलेल्या कटरमध्ये ती फिरते, म्हणून विकत घेताना आत रबर आहे का ते पाहावं. पातं बोथट झालं की तुकड्यांपेक्षा भुकटी जास्त पडते. कटर टाकून नवा आणावा. आठवड्याभराची तोड एकदम करू नये, कारण उघडे तुकडे दमट हवेत मऊ पडतात. एकच गोळी तोडावी, आज एक अर्धुकं, उद्या दुसरं. दोन भाग थोडे लहानमोठे झाले तरी दोन दिवसांत मिळून हिशेब पुरा होतो. चार तुकडे करायच्या फंदात पडू नये. पाव गोळी म्हणून जे निघतं ते अंदाजपंचे असतं.

सात कप्प्यांची डबी ठरलेल्या डोसाला उत्तम. स्टिरॉइडला स्वतंत्र डबी असावी. या रुग्णांच्या हाडांसाठीही बरेचदा आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी चालू असते. ती रोजच्या कप्प्यात शिरली तर घोटाळा होतो. तोच धोका मेथोट्रेक्सेटचा. दुखणं वारंवार उचल खातं तेव्हा स्टिरॉइड कमी करता यावं म्हणून ते आठवड्यातून एकदा, ७.५ ते १० मि.ग्रॅ. दिलं जातं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं.

डबी कमी पडते ती संथ उतरणीच्या वेळी. एक पायरी एकाच दिवशी न उतरता हळूहळू मिसळत नेण्याची पद्धत रुग्णांमध्ये चांगली रुळली आहे. ५ वरून ४.५ वर जायचं असेल तर एक दिवस ४.५ आणि सहा दिवस ५. मग एक दिवस ४.५ आणि पाच दिवस ५. असं करत एकाआड एक दिवसावर यायचं. तिथून उलट: एक दिवस ५ आणि दोन दिवस ४.५, मग तीन, चार, पाच, सहा. पूर्ण पायरीला ५२ दिवस लागतात. फेरी कधी सात दिवसांची तर कधी तीनची, त्यामुळे वारांची डबी निरुपयोगी ठरते. मोठं भिंतीवरचं कॅलेंडर घ्यावं, प्रत्येक तारखेत तो डोस आधीच लिहून टाकावा आणि गोळी घेतली की खूण करावी. तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर हेच कॅलेंडर सर्वांत उपयोगी पडतं, विशेषतः त्यात सकाळी अंग किती मिनिटांनी मोकळं झालं तेही लिहिलेलं असेल तर.

गोळी कितीही चांगली असो, उतरताना अंग दुखणारच नाही असं नाही. प्रश्न असतो तो दुखणं कुठलं हा. डोस कमी केल्यावर दोन-चार दिवसांत सुरू झालेली, सगळ्या अंगभर पसरलेली, चिडचिड आणि थकवा घेऊन आलेली कसकस बहुधा स्टिरॉइड सुटण्याची असते. तोच डोस धरून ठेवला तर एक-दोन आठवड्यांत ओसरते. मूळ आजार परततो तो त्याच्या जुन्या जागी, दोन्ही खांदे आणि कंबरेखाली, सकाळी सर्वांत जास्त. हळूहळू चढत जातो आणि रक्तातला दाह दाखवणाऱ्या सीआरपी, ईएसआर या तपासण्यांचे आकडे बहुधा वाढलेले मिळतात. तेव्हा त्रास सुरू होण्याआधीच्या डोसावर परत जायचं आणि ४ ते ८ आठवड्यांत पुन्हा त्रास झाला त्या डोसापर्यंत उतरायचं, असं २०१५ च्या शिफारशी सांगतात. थेट १५ वर उडी मारायची गरज सहसा नसते. तिसरी शक्यता ग्रंथी अजून न जागल्याची: उभं राहताच भोवळ, मळमळ, भूक मेलेली, वजन उतरतंय, हातापायांत त्राण नाही. इथे दुखण्यापेक्षा गळाठा जास्त. सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी याचा उलगडा करते. तपासणीआधी किमान २४ तास प्रेडनिसोलोन घ्यायचं नसतं, म्हणून त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर. आकडा ३०० नॅनोमोल प्रति लिटरच्या वर असेल तर ग्रंथी कामाला लागल्या. १५० च्या खाली असेल तर अजून काही महिने ४ ते ६ मि.ग्रॅ.वरच थांबावं लागतं. मधला आकडा आला तर थांबून पुन्हा तपासणी.

यातलं काहीच घरी बसून ठरवायचं नाही, आणि काही गोष्टींत तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहायची नाही. नवी, न थांबणारी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा दोन-दोन दिसणं, ही डोक्याच्या धमन्यांना दाह झाल्याची लक्षणं असू शकतात. दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि उपचार लागतो ४० ते ६० मि.ग्रॅ.चा, तिथे अर्ध्या मिलिग्रॅमचा हिशेब बाजूला ठेवायचा. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तरीही तातडीने रुग्णालय गाठावं, कारण अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मि.ग्रॅ.चं इंजेक्शन लागतं आणि त्याला गोळीचा पर्याय नाही. तापात, दात काढताना, शस्त्रक्रियेच्या वेळी डोस किती वाढवायचा हे उतरण सुरू होतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. अंगात ताप असताना फोन लावत बसण्यात अर्थ नाही. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सवरची फेनिटोइन, कार्बामाझेपिन सुरू झाली तर प्रेडनिसोलोन शरीरातून लवकर निघून जातं आणि डोस न बदलताही बदलल्यासारखा होतो, हेही सांगून ठेवावं.

शेवटच्या टप्प्यासाठी पुन्हा साध्या १ च्या गोळीकडेच यावं लागतं. १ वरून थेट शून्य करण्याऐवजी महिनाभर ०.५, आणि हवं तर त्यानंतर काही आठवडे ०.५ एक दिवसाआड. एवढ्याने काय होणार, असं वाटतं खरं, पण जाता जाता जो दम लागतो तो इथेच लागतो. गोळ्या संपल्यावरही पुढचे १२ महिने स्टिरॉइड घेत असल्याचं कार्ड पाकिटात राहू द्यावं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्या कार्डावरचे तीन आकडे लागतात: सुरुवातीचा डोस, एकूण महिने, आणि शेवटची गोळी घेतल्याची तारीख.